शालनआक्काची ट्रायल

गाडीत बसलं की शालनआक्का आधी गाणं बंद करायची. मग एसी बंद, चारी काचा खाली. बाहेर एप्रिलचं ऊन असो, डांबर पाघळलेलं असो, काचा खालीच. गाडी विकणारा बाजूच्या सीटवर बसून "साउंड सिस्टिम बघा की आक्का, नवीन टाकलीय" म्हणाला, की ती त्याच्याकडे न बघता म्हणायची, "मला गाडी काय म्हणतीय ते ऐकायचंय. तुमी जरा गप बसा."

त्यानंतर पायातल्या चपला काढून सीटखाली सरकवायची. अनवाणी पाय क्लचवर, ब्रेकवर ठेवायची. कुणी हसलं तर म्हणायची, "पायाला कळतंय, चपलेला न्हाय."

सोलापुरात जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की आमच्या ओळखीतले बरेच जण आधी तिच्याकडे जात. तिचा खरा धंदा ड्रायव्हिंग शिकवण्याचा. बुधवार पेठेत घराच्याच पुढच्या खोलीत एक टेबल, भिंतीला वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक लहानशी पांढरी गाडी, एवढीच तिची शाळा. गाडीच्या डॅशबोर्डवर मुठीएवढी बुद्धाची मूर्ती. अंगावर साडी, साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी पांढरा शर्ट, ऊन लागू नये म्हणून. बुटकी होती, त्यामुळं सीटवर एक जाड उशी लागायची. ती उशी काखेत मारून ती गाड्यांच्या बाजारात शिरली, की विकणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

तिला गाडी कुणी शिकवली, हे विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाली, नवऱ्यानं. एकदा म्हणाली, कुणीच न्हाय. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "राग आला हुता, म्हणून शिकले." मला ते तिसरं उत्तर खरं वाटतं. गिरणी बंद पडल्यावर तिच्या नवऱ्यानं टेंपो घेतला होता. तो अंथरुणाला खिळला आणि टेंपो दारात उभा राहिला. भाऊबंद म्हणाले, विकून टाक, बाईमाणूस काय करणार त्याचं. तिनं खुंटीवरची किल्ली उचलली. नवरा गेल्यावरही कितीतरी वर्षं ती टेंपो चालवत होती, हे सगळं मला तिच्या शेजाऱ्यांकडून कळलं. ती स्वतःबद्दल फार बोलायची नाही. गाड्यांबद्दल मात्र तासन्‌तास बोलायची.

माझी तिची ओळख झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. आम्ही भवानी पेठेतले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी बँकेत नोकरीला. बँकेनं माझी बदली मोहोळला केली. रोज दोन बस बदलून जाताना जीव मेटाकुटीला यायचा. घरी म्हटलं, गाडी शिकते. नवरा म्हणाला, "या वयात?" मी दुसऱ्या दिवशी आक्काच्या टेबलासमोर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी तिनं मला गाडी चालवूच दिली नाही. इंजिन चालू केलं आणि म्हणाली, "डोळे मीट. हात स्टेअरिंगवर ठेव. बघ कसं वाटतंय." मी दहा मिनिटं तशीच बसले. मला वाटलं, ही बाई वेळ काढतीय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण त्या दिवशी गाडी वेगळी वाटली. सीट बारीक थरथरत होती, आवाज मध्येच अडखळत होता, जसं कुणीतरी लंगडत चालावं.

"काय बदललं?" तिनं विचारलं.

"हलतीय जास्त. आणि आवाज एकसारखा नाही."

ती खूश झाली. बॉनेट उघडून दाखवलं. चार सिलिंडरपैकी एकाच्या प्लगची वायर तिनंच काढून ठेवली होती. "एक जण कामच करत न्हाय, बाकीचे तिघं त्याचं वझं वडत्यात. ह्याला मिसिंग म्हणत्यात. हे वळखायला आलं ना, आता चालवायला शिक. चालवायला कुणालाबी येतंय."

महिन्याभरात मी शिकले आणि आम्ही माझ्यासाठी गाडी बघायला निघालो. होटगी रोडला विलासशेठचा जुन्या गाड्यांचा मोठा बाजार होता. मांडवाखाली तीस-चाळीस गाड्या धुऊन-पुसून उभ्या. त्यातली एक चंदेरी गाडी मला बघताक्षणी आवडली. माझ्या चेहऱ्यावरून विलासशेठला ते कळलं. माणूस मोठा गोड. चहा आला, खुर्च्या आल्या. आक्कानं चहाला हात लावला नाही. ती गेली आणि गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली.

"गाडी कवा चालवली शेवटची?"

"दोन दिवस झाले उभीच हाय, आक्का."

"मग हिला ताप आलाय व्हय?"

बॉनेट गरम होतं. आम्ही येणार म्हणून गाडी सकाळीच चालवून तापवून ठेवली होती. आक्का मला म्हणाली, "थंड गाडीच खरं बोलतीय. गरम झाल्यावर सगळ्याच गोड बोलत्यात." आणि लिंबाच्या झाडाखाली एक स्टूल ओढून बसली. दीड तास. विलासशेठचे लोक येऊन जाऊन बघत होते, ही उठते का. ती उठली नाही. मध्ये तिनं मला घरचं विचारलं, बँकेतलं विचारलं. बॉनेट हाताला गार लागलं तेव्हा ती आत बसली.

किल्ली अर्धी फिरवली आणि थांबली. समोरचे दिवे लागले होते. ती एकेका दिव्यावर बोट ठेवत गेली. "बॅटरी हाय. तेल हाय. हँडब्रेक हाय. इंजिनचा दिवा कुटं हाय?"

"तो लागत नाही म्हणजे इंजिन चांगलं हाय की आक्का," विलासशेठ खिडकीत वाकून म्हणाला.

"किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदा लागाय पाहिजेत. मग गाडी चालू झाली की इझाय पाहिजेत. ह्यो लागलाच न्हाय. म्हंजी तुमी काढलाय." मग तिनं इंजिन चालू केलं. मागून निळसर धूर आला, इंजिन तेल जाळतंय याची खूण. तिनं तरीही गाडी बाहेर काढली, मला शेजारी बसवलं आणि उड्डाणपुलावर नेली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबला. इंजिन किंचाळलं, पण गाडी होती त्याच वेगानं पुढं सरकत राहिली. "क्लच घसरतोय. आवाज वाढला अन् गाडी वाढली न्हाय, ध्येनात ठेव."

परत आल्यावर विलासशेठ तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडमना आवडलीय गाडी. तुमी कशाला मधी पडता? तुमचंबी बघू की."

आक्का सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं काय बघता? गाडीचं बघा. दिवा काढला म्हणून दुखणं जातंय व्हय?"

त्या वेळी तिथं तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांनीही आपापल्या गाड्यांचे दिवे मोजायला सुरुवात केली.

मला शेवटी मोहोळच्या एका निवृत्त मास्तरांची गाडी मिळाली. रंग वांग्यासारखा, मागच्या दाराला पोचा. आक्कानं दोन तास चालवली आणि म्हणाली, "दिसायला न्हाय, पण खोटं बोलत न्हाय. घे." ती गाडी मी सात वर्षं चालवली.

ती बरोबर असायची, पण तिच्याबरोबर असणं सोपं नव्हतं. माझ्या दिरानं नवीकोरी गाडी घेतली, पेढे वाटत होता, कौतुकानं आक्काला एक चक्कर मारायला दिली. ती परत आली आणि पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाली, "डावीकडं वडतीय. दाखवून घ्या." दीर वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. तिचा एकच जुना मित्र होता, इक्बालभाई. अक्कलकोट रोडला त्यांचं लहान गॅरेज. तेसुद्धा तिला म्हणायचे, "आक्का, सच बोलने कू बी टैम देखना पडता." आक्का म्हणायची, "ब्रेक लागत नसंल तर टाइम कवा बघायचा, इक्बालभाई? धडकल्यावर?"

तिचं माहेर मंद्रूपजवळचं एक लहान गाव. तिथं तिचा भाऊ शेती करायचा. त्या गावाला आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी रुग्णवाहिका द्यायचं ठरवलं. नाव नको, सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. शाळेच्या मैदानावर मंडप पडला. रुग्णवाहिका पांढरीशुभ्र, झेंडूच्या माळा, बाजूला दादासाहेबांचा फोटो गाडीच्या अर्ध्या उंचीचा. सरपंचांना वाटलं, आपल्या गावची लेक ड्रायव्हिंग शिकवते, पहिली फेरी तिच्या हातून व्हावी. फोटो चांगला येईल. आक्कानं मला सोबत नेलं होतं.

भाषणं झाली. दादासाहेबांनी किल्ली सरपंचांच्या हातात दिली, सरपंचांनी आक्काच्या. मैदानाला एक गोल फेरी मारायची, एवढंच ठरलं होतं. आक्कानं चपला काढल्या, काखेतली उशी सीटवर ठेवली आणि मागं वळून म्हणाली, "पाच माणसं बसा आत."

"कशाला?" सरपंच म्हणाले.

"पेशंट एकटा जातोय व्हय? संगं चार माणसं असत्यात. बसा."

सरपंच बसले, तिचा भाऊ बसला, मी बसले, आणखी दोघं चढले. टाळ्या वाजल्या. आक्कानं मैदानाला अर्धी फेरी घातली आणि फाटकातून गाडी सरळ सोलापूरच्या रस्त्याला लावली. सरपंचांना आधी गंमत वाटली. ओढ्याच्या पुलापर्यंत सगळं ठीक होतं. पुलापलीकडच्या चढाला गाडी धापा टाकायला लागली. आक्कानं गिअर उतरवला, तरी तेच. मग तिनं एसी लावला. पेशंटला उन्हात न्यायचं तर लागणारच, असं म्हणाली. तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायला लागला. सपाटीला तिनं एकदा ब्रेक मारला, दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला तेव्हा तिचा पाय पार खाली गेलेला मी बघितला. सातव्या किलोमीटरच्या दगडापाशी बॉनेटमधून वाफ आली.

अर्धा तास आम्ही रस्त्याकडेला उभे होतो. कुणाच्या तरी विहिरीवरून कळशीनं पाणी आणलं. मग आक्कानं गाडी फिरवली आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून परत आणली.

मंडपातले लोक उठायला लागले होते. दादासाहेबांचा चेहरा उतरलेला. निवेदकाला काय झालं ते कळलं नव्हतं. त्यानं उत्साहानं माइक आक्काच्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, दोन शब्द.

आक्कानं माइक तोंडाजवळ धरला. "दादासाहेबांनी गाडी दिली, त्येंचे आभार. पर ही गाडी सोलापूरच्या सिव्हिल दवाखान्याला पोचत न्हाय. सात किलोमीटरला तापली. ब्रेकबी जातोय. आदी दुरुस्त करून द्या, मग आमी घेतो."

दादासाहेब बसल्या जागेवरून हसत म्हणाले, "ताई, फुकट दिलीय हो गाडी."

"गाडी फुकटची असंल, दादासाहेब. पेशंट फुकटचा न्हाय."

तिनं किल्ली टेबलावरच्या नारळाशेजारी ठेवली, हातातल्या चपला पायात घातल्या आणि उशी घेऊन मंचावरून खाली उतरली. टाळ्या कुणीही वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दादासाहेबांची माणसं येऊन रुग्णवाहिका घेऊन गेली. गावातले लोक तिच्या भावाच्या दारात जाऊन बोलायला लागले, आयती गाडी घालवली तुझ्या बहिणीनं.

मग कळलं, ती गाडी विलासशेठच्या बाजारातूनच गेली होती. आठवड्याभरात होटगी रोडच्या सगळ्या विक्रेत्यांनी मिळून ठरवलं, शालनबाईच्या हातात ट्रायलला किल्ली द्यायची नाही. तिच्या शाळेबद्दलही कुणीतरी तक्रार केली. अधिकारी येऊन कागद बघून गेले, गाडी बघून गेले, काही सापडलं नाही, तरी पुन्हा आले. शिकायला येणारे कमी झाले.

मला वाटलं, आता ती थोडी दबेल. ती पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाबरोबर बाजारात गेली. किल्ली मिळाली नाही, तेव्हा म्हणाली, "मला नका देऊ. ह्येंना द्या, मी शेजारी बसते." शेजारी बसून, डोळे मिटून तिनं सगळं सांगितलं. तेव्हा त्यांनी तिला गाडीत बसायलाही बंदी केली. मग तिनं काय करावं? बाजाराच्या बाहेर, सरकारी रस्त्यावर, उड्डाणपुलाच्या चढाला स्टूल टाकून बसायला लागली. गिऱ्हाईक गाडी चालवत वर यायचं, आणि ती स्टुलावरून हातवारे करायची. आता तिसरा टाक. आता सोड. आता ब्रेक. गाडी जवळून जाताना ती मान तिरकी करून ऐकायची, मागचा धूर बघायची, चाकाची लटपट बघायची.

एकदा विलासशेठ स्वतः तिथं आला. "आक्का, धंद्यावर पाय देताय."

"मी तुमच्या जागेत हाय का?"

"नाही, पण..."

"मग? बगायला बंदी हाय का रस्त्यावर?" आणि त्याच्याकडं पाठ करून तिनं वर येणाऱ्या गाडीला हात केला.

मी ते तीन-चारदा बघितलं. मला हसू यायचं, अभिमानही वाटायचा. तेवढ्यात गावाकडून बातमी आली.

आक्काच्या भावाच्या शेजारी शिवप्पा नावाचे साठीचे गृहस्थ राहायचे. कानडी बोलणारं घर, आक्काला लहानपणापासून ओळखणारं. दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. गावात गाडी नव्हती. मंद्रूपहून जीप यायला पाऊण तास लागला. सिव्हिलच्या दारात पोचेपर्यंत शिवप्पा गेले. रुग्णवाहिका परत गेल्याला तेव्हा तीन महिने झाले होते.

गावानं तोंड उघडून सांगितलं, हे शालनमुळं झालं. भावानं फोन करून सांगितलं, इकडं येऊ नको.

ती तरीही गेली. मला म्हणाली, "तू चल संगं. तुझी गाडी घे, माझ्यानं चालवणार न्हाय." तिनं गाडी चालवायला नकार दिलेला मी तेवढाच एकदा ऐकला. वाटेत ती काचेतून बाहेर बघत होती. ओढ्याच्या पुलावर म्हणाली, "त्या दुपारी ती गाडी चालली बी असती. पाच न्हाय, दोन माणसं असती, ऊन कमी असतं, तर पोचली बी असती. मला काय म्हाईत?" थोड्या वेळानं स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "तरी पुन्यांदा विचारलं तर मी तेच सांगणार."

शिवप्पांच्या अंगणात बायका बसल्या होत्या. शिवप्पांची बायको गंगव्वा भिंतीला टेकून बसलेली. आक्का तिच्यासमोर जमिनीवर बसली. हात धरायला गेली, गंगव्वानं हात काढून घेतला.

"गाडी असती तर?" गंगव्वा म्हणाली.

अंगणातल्या सगळ्यांचे कान तिकडं. आक्का सहज म्हणू शकली असती, असती तरी काही उपयोग झाला नसता. तिनं तसं म्हटलं नाही. म्हणाली, "म्हाईत न्हाय, गंगव्वा. कदाचित वाचले असते. कदाचित वाटंत अडकले असते. खरं काय ते मलाबी कळत न्हाय."

"मग कशाला परत पाठवलीस?"

"ब्रेक नव्हता तिला. पर दुरुस्त करून आणायचं माझं काम हुतं. तेवढं मी केलं न्हाय. सांगून घरी आले, तितं चुकले."

आम्ही तासभर बसलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवसापासून आक्का दादासाहेबांच्या कार्यालयात जाऊन बसायला लागली. हातात वहीचा कागद, त्यावर तिच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात गाडीचे सगळे दोष. दारातला माणूस म्हणायचा, साहेब नाहीत. ती म्हणायची, बसते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी बँकेतून आल्यावर तिला डबा नेऊन दिला. म्हटलं, "आक्का, ते भेटणार नाहीत." ती म्हणाली, "गाडी गार व्हायला वेळ लागतोय की. माणसालाबी लागंल."

तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला आत बोलावलं. मी नव्हते, तिनं सांगितलं तेवढंच मला माहीत. दादासाहेब म्हणाले, चार लोकांत अपमान केलात, आधी माफी मागा. ती म्हणाली, "मी गाडीला वाईट बोलले, तुमाला न्हाय. माफी कशाची मागू?" आणि कागद पुढं सरकवला. "एवढं करून द्या. पुन्यांदा मंडप घाला, पुन्यांदा फोटो काढा. मी हसून हुबी राहीन. पर गाडी पोचाय पाहिजे." दादासाहेबांनी कागद वाचला. म्हणाले, बघतो. ती म्हणाली, "कवा?"

हे 'कवा' ती किती वेळा म्हणाली ते तिनं सांगितलं नाही. पण महिन्याभरानं रुग्णवाहिका इक्बालभाईंच्या गॅरेजमध्ये आली. रेडिएटर बदललं, ब्रेकचं सगळं काम नव्यानं झालं, इंजिन खोललं गेलं. रोज संध्याकाळी आक्का तिथं जाऊन स्टुलावर बसायची. इक्बालभाई वैतागायचे. "आक्का, मय करतूं ना? भरोसा नै क्या?" ती म्हणायची, "तुमच्यावर हाय. गाडीवर न्हाय."

काम झालं तेव्हा मंडप नव्हता. दादासाहेबांनी कुणाला तरी पाठवून किल्ली दिली, एवढंच. आक्का आणि इक्बालभाई गाडी घेऊन गावात गेले, मागून मी माझ्या गाडीत. शाळेच्या मैदानावर पंधरा-वीस माणसं उभी होती, हात बांधून. सरपंच म्हणाले, "घ्या बघून एकदाची."

आक्कानं चपला काढल्या. "पाच माणसं बसा."

कुणी हललं नाही. मागच्या वेळी जे बसले होते तेही इकडं तिकडं बघायला लागले. भाऊ पुढं झाला, इक्बालभाई चढले, मी चढले. आक्का थांबून राहिली. "अजून दोन," म्हणाली. मग घरांकडून गंगव्वा चालत आली. डोक्यावर पदर, पायांत काही नाही. ती सरळ मागच्या दारातून आत चढली आणि पेशंटच्या बाकड्यावर बसली. तिच्यामागून सरपंच चढले.

आक्कानं गाडी सोलापूरच्या रस्त्याला लावली. एसी लावला. ओढ्याचा पूल, चढ, तिसरा गिअर. गाडी एकसारखी वर गेली. सात किलोमीटरचा दगड गेला, काटा मध्यावर. तिनं तीनदा ब्रेक मारून बघितला. मग पुढं न थांबता थेट सिव्हिलपर्यंत. दारात गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं ऐकत बसली. आणि परत. गावात आल्यावर सरपंच उतरायला लागले, तर म्हणाली, "बसा. अजून एकदा."

दुसऱ्या फेरीला गंगव्वा पुढं येऊन आक्काशेजारी बसली. येताना ओढ्याच्या पुलावर कानडीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. आक्कानं मान डोलावली आणि एक हात क्षणभर तिच्या गुडघ्यावर ठेवून परत गिअरवर नेला.

ती रुग्णवाहिका अजून चालते. गावानं आक्काची माफी मागितली असं काही झालं नाही, आणि विलासशेठची बंदीही कुणी उठवली नाही. त्या बंदीचा फक्त हळूहळू सगळ्यांना विसर पडला. पुढं माझी बदली लातूरला झाली आणि सोलापूर सुटलं.

मागच्या वर्षी भाच्याच्या लग्नाला सोलापुरात आले होते. सात रस्त्याच्या चौकात रिक्षात बसले होते, सिग्नल हिरवा झाला आणि पुढं काहीतरी अडलं. मागून बस, ट्रक, मोटारसायकली, सगळे एकदम हॉर्न वाजवायला लागले. रिक्षावाला बाहेर डोकं काढून शिव्या देत होता. मीही वाकून बघितलं. चौकाच्या मधोमध लहान पांढरी गाडी बंद पडली होती. स्टेअरिंगवर पासष्टीच्या एक बाई, केस सगळे पांढरे, घामानं डबडबलेल्या, किल्ली फिरवायची सोडून तोंडावर हात धरून बसलेल्या.

शेजारचं दार उघडलं आणि आक्का उतरली. साडीवर तोच शर्ट, केस पार पिकलेले, चालताना एक पाय ओढत. ती गाडीच्या मागं येऊन उभी राहिली. सगळ्या गाड्यांकडं तोंड करून. दोन्ही हात कमरेवर. पहिल्या ट्रकवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही, तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. ती हलली नाही. मागं न वळता ओरडली, "सावकाश करा, मावशी. क्लच दाबा, मग किल्ली. हितं कुणाला घाई न्हाय."